अर्ध्या गाडीचं बजेट

हर्नडन, व्हर्जिनिया
१४ सप्टेंबर २०२४

अनीश,

पाच महिने झाले, तुला पाठवलेल्या प्रत्येक मेसेजपुढे एकच टिक दिसते. फोन लावला तर वाजतच नाही. म्हणून शेवटी कागद घेतला. नागपूरच्या प्रतापनगरचा पत्ता रेखाच्या वहीत सापडला. तुझ्या आईसाठी तिने गुडघ्याचे पट्टे पाठवले होते, तेव्हाचा. हाताने पत्र कधी लिहिलं होतं ते आठवत नाही, अक्षर सांभाळून घे.

आधी कामाचं विचारतो. मागच्या लाइट्सचं वायरिंग करायला घेतलंय. तू प्रत्येक वायरीला टेप लावून नावं लिहून ठेवली आहेस, 'मागचा डावा', 'पंप', 'हॉर्न', ते सगळं समजतं. पण डॅशबोर्डखाली एक तपकिरी वायर आहे, तिच्या टेपवर नुसतं 'हिला थांबव' लिहिलंय. म्हणजे जोडायचीच नाही, की शेवटी जोडायची? मी जोडून पाहिली. फ्यूज उडाला आणि जळका वास सुटला. दोन दिवस गॅरेजचं दार उघडं ठेवावं लागलं.

बाकी गाडी तू सोडून गेलास तिथेच आहे जवळजवळ. कोणी विचारलं की रेखा सांगते, "यांनी आणि अनीशने एक ठोकलेली जुनी मियाटा गाडी आणली, तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स काढलं, कंपनीकडून खोक्यांमध्ये नवा सांगाडा, म्हणजे किट, मागवला, आता दोन्ही मिळून एक गाडी होणार आहे. कधी होणार ते विचारू नका." आधी ती हे हसत सांगायची.

नागपूरला घर लागलं का? अनयाची शाळा? रेणूची तब्येत? तिचा आणि रेखाचा अधूनमधून फोन होतो असं वाटतं, पण रेखा मला काही सांगत नाही आणि मी विचारत नाही.

तुझे पैसे गाडीत अडकले याचं मला वाईट वाटतं. पण तूच सांग, तेव्हा विकायचं म्हटलं तरी घेणार कोण होतं? एक माणूस बघायला आला नाही. नशीब एकेकाचं. गाडी पूर्ण झाली की चांगली किंमत येईल, तेव्हा तुझे अर्धे तुला मिळतील. तसं खर्चाच्या शीटमध्ये लिहूनच ठेवलंय.

तपकिरी वायरीचं तेवढं कळव.

तुझा
गिरीशदादा


हर्नडन
२३ नोव्हेंबर २०२४

अनीश,

उत्तर आलं नाही. पत्र पोचलं नसेल असं मी पहिले दोन आठवडे समजत होतो. मग रेखा म्हणाली, "पोचलंय." एवढंच. तपकिरी वायर मी टेप गुंडाळून बाजूला बांधून ठेवली आहे.

दिवाळीत मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. तीन जणांनी तुझं विचारलं. मी म्हणालो, "परत गेला, आईवडिलांचं वय झालंय ना." कुणी पुढे विचारलं नाही. आपल्या लोकांत परत जाण्याचं हे कारण चालतं.

आज बसून आपली पहिली शीट उघडली. ११ सप्टेंबर २०२२ अशी तारीख आहे. त्याच्या आदल्या आठवड्यात ग्रोसरीच्या दुकानासमोर माझी गाडी चालू होईना, तू रेणूला पिशव्या धरायला सांगितलंस आणि बॅटरीचं टर्मिनल नाण्याने खरवडून मोकळा झालास. मी विचारलं, "मेकॅनिकल का?" तू म्हणालास, "ऑटोमोबाइल, दादा. पण आता टेस्टिंग करून राहिलो, सॉफ्टवेअरचं." त्यावर आपण दोघंही हसलो होतो. मी चोवीस वर्षं इन्शुरन्सच्या क्लेम्सचे प्रोग्राम लिहीत होतो. हात लावून दाखवता येईल असं मी काहीच बनवलेलं नव्हतं. ते मी त्या पार्किंग लॉटमध्ये तुला सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. घरी बायकोला सांगितलं नव्हतं.

शीट मी केली. तू म्हणालास, "दादा, किटची किंमत छापलेली असते, ती अर्धी समजा. बाकीची अर्धी कोणी छापत नाही." तू एकेक सांगत गेलास आणि मी लिहीत गेलो. किट साडेआठ हजार. ठोकलेली मियाटा दोन हजार आठशे. ट्रकचं भाडं. ब्रेक नवे, कारण जुन्या ब्रेकवर जीव टाकायचा नाही. टायर. रबरी नळ्या सगळ्या बदलायच्या. ऑइल, कूलंट. रंग. रजिस्ट्रेशन. आणि वर पंधरा टक्के, न सुचलेल्या गोष्टींसाठी. बेरीज अठरा हजार सहाशे. दोघांनी सुरुवातीला चार-चार हजार आणि मग महिन्याला तीनशे-तीनशे भरायचे, आणि शंभर डॉलरच्या वरचं काहीही दोघांना विचारून घ्यायचं. हा नियम माझा होता. फार अभिमानाने केला होता.

आज बघताना एक गोष्ट दिसली. शीटमध्ये तुझ्या तासांचा कॉलम नाही. दीड वर्ष दर शनिवारी सकाळी नऊला तू यायचास. मी पाने हातात द्यायचो आणि खर्च टाइप करायचो. अख्खी गाडी तुझ्या हाताने उभी राहिली आणि कागदावर आपण निम्मे-निम्मे होतो.

खर्चात थोडं इकडंतिकडं झालं होतं माझ्याकडून. गॅरेजसाठी हीटर घेतला होता, तो मी 'फ्रेट'मध्ये, म्हणजे मालवाहतुकीच्या खर्चात, टाकला. तुला सांगायचं राहिलं. थंडीत तूच काम करायचास, त्यामुळे वाटलं, चालेल.

तुझी नोकरी गेल्यावर फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी तू आलास ते मला सारखं आठवतं. कोट काढला नाहीस. म्हणालास, "दादा, गाडी विकून टाकू. नोकरी गेल्यापासून साठ दिवस आहेत माझ्याकडे, मग देश सोडावा लागते. व्हिजिटर स्टेटसचा अर्ज टाकला तर थांबता येते, पण भाडं भरायला पाहिजे. माझे नऊ हजार चारशे आले तर चार महिने निघतात."

मी काय म्हणालो ते तुला आठवत असेलच. "अर्धवट गाडी कोण घेतं यार? भंगारात सहा हजार आले तरी खूप." आणि म्हणालो, "तुला नोकरी लागेल रे, सगळ्यांना लागते."

तू निघालास त्या दिवशी मी एअरपोर्टवर आलो नाही. ऑफिसात मीटिंग आहे असं कळवलं होतं. मीटिंग नव्हती. कॅफेटेरियात बसून होतो.

गिरीशदादा


हर्नडन
८ फेब्रुवारी २०२५

अनीश,

मागच्या आठवड्यात रेखा समोर येऊन बसली. म्हणाली, "जर्सी सिटीच्या एका कंपनीने अनीशला ऑफर दिली होती, माहीत आहे? मे महिन्यात. तीन मेला. हे लोक दहा एप्रिलला गेले होते."

मी म्हणालो, "मग?"

"मग काय? त्यांना माणूस इथे हवा होता. तिकडून आणायची वाट बघायला तयार नव्हते. तेवीस दिवस, गिरीश."

मग ती म्हणाली, "चार महिन्यांचं भाडं तुम्ही लोकांनी गाडीत घातलं होतं. ती गाडी तेव्हा कोणीच घेत नव्हतं का खरंच?"

तिला मी उत्तर दिलं नाही. तुला देतो. पहिल्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. त्याआधी तोंडाने खोटं बोललो होतो.

मागच्या वर्षी तू येऊन गेलास त्यानंतरच्या शनिवारी, चोवीस फेब्रुवारीला, एक माणूस आला होता. डेल नाव. कल्पेपर गावचा, शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करून रिटायर झालेला. आदल्या दिवशी फोन करून आला. त्याला माझा नंबर कुठून मिळाला हे मी विचारलंही नाही. किटच्या गाड्या बांधणाऱ्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर आपल्या गाडीचे फोटो होतेच, तिथून मिळाला असेल असं धरून चाललो. गाडीखाली पुठ्ठा टाकून तो अर्धा तास आडवा होता. बाहेर आला आणि म्हणाला, "वेल्डिंग कोणाचं?" मी म्हणालो, "माझ्या पार्टनरचं." म्हणाला, "वायरिंग?" मी म्हणालो, "त्याचंच." त्याने हात पुसले आणि म्हणाला, "सगळं मिळून एकोणीस हजार देतो. पण पावत्या सगळ्या हव्यात. होममेड गाडी रजिस्टर करायची तर एकेका पार्टची पावती दाखवावी लागते. आणि दोघंही मालक आहात, तर सही दोघांची."

एकोणीसचे अर्धे साडेनऊ. तुला हवे होते त्याहून शंभर जास्तच.

मी म्हणालो, "विचार करून सांगतो."

का म्हणालो ते आता लिहितो. एकदा लिहिलं की संपलं.

शीट एक नव्हती, दोन होत्या. एक तू बघायचास ती, आणि एक खरी. तुझ्या शीटमध्ये 'फ्रेट आणि नटबोल्ट' अशी एक ओळ होती, तीन हजार शंभरची. तू एकदा म्हणालाही होतास, "दादा, एवढे नटबोल्ट? विमान बनवून राहिलो का आपण?" मी हसलो होतो. त्या तीन हजार शंभरमध्ये गॅरेजच्या फरशीवरचं कोटिंग होतं, नऊशेचं. हीटर सहाशे चाळीस. कॉम्प्रेसर सातशे ऐंशी आणि हत्यारांचं ते लाल कपाट सातशे ऐंशी. सगळं माझ्या घरात राहणार होतं. तू अपार्टमेंटमध्ये राहणारा माणूस. तुझे त्यात पंधराशे पन्नास गेले.

मी ते चोरायचं म्हणून केलं नव्हतं, असं आधी लिहिलं होतं. ते वाक्य खोडतोय. पहिल्यांदा हीटर टाकला तेव्हा वाटलं, नंतर भरून टाकू. भरले नाहीत. तुला कळलं नाही. दुसऱ्यांदा सोपं गेलं.

आता डेलला फाइल द्यायची म्हणजे तू आणि मी समोरासमोर बसून पावत्या लावणार. चार पावत्या मी काढून टाकू शकलो असतो, पण मग बेरीज तीन हजार शंभरने कमी भरली असती, आणि बेरीज तू तोंडी करतोस. तेव्हाचं माझं तोंड मला तुला दाखवायचं नव्हतं. आणखीही एक आहे. गाडी मला सोडवत नव्हती. डेल खाली आडवा पडून तुझ्या वेल्डिंगची तारीफ करत होता आणि मला वाटत होतं, ही माझी गाडी आहे.

सोमवारी मी त्याला फोन करून नाही म्हणालो.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, तुझा फोन आला होता. तू विचारलंस, "कोणी आलं होतं का दादा, गाडी पाहायला?" मी म्हणालो, "छे, कोणी नाही." मग म्हणालास, "बरं दादा." फोन ठेवलास.

माझ्या सेव्हिंग्जमध्ये तेव्हा किती होते तो आकडा इथे लिहायला हात धजत नाही. गाडी न विकताही मी तुला पैसे देऊ शकलो असतो. पण तू खुद्द मागितले नव्हतेस, आपली गाडी विका म्हणाला होतास, आणि मी त्या फटीत लपलो. तुला नोकरी लागेल असं मला खरंच वाटत होतं. आणि लागली की हो. तेवीस दिवसांनी.

रेखाला हे सगळं काल सांगितलं. दोन्ही शीट दाखवल्या. तिने दोन्ही ओळीने वाचल्या. मग म्हणाली, "रेणूने मला कधी एका शब्दाने विचारलं नाही. मी तिला दर वेळी सांगत होते, गिरीशचाही नाइलाज होता." नंतर ती वर गेली. आता घरात कामापुरतं बोलणं आहे.

गिरीश


हर्नडन
२० एप्रिल २०२५

अनीश,

गाडी विकली. डेललाच.

फेब्रुवारीत त्याचा नंबर जुन्या कॉल्समधून शोधून काढला. मला वाटलं होतं त्याने दुसरी घेतली असेल. म्हणाला, "घेतली नाही. तशी मिळाली नाही." पण यायला त्याला एप्रिल उजाडला, मध्ये त्याचं पाठीचं ऑपरेशन झालं.

ट्रेलर घेऊन आला. या वेळी त्याला खाली आडवं होता येत नव्हतं, म्हणून मी फोन धरून फोटो काढून दाखवत होतो. वायरिंगचा फोटो त्याने मोठा करून पाहिला. म्हणाला, "हे त्याच माणसाने केलंय?" मी म्हणालो, "पुढचं त्याने. मागचं मी." म्हणाला, "मागचं सगळं काढावं लागेल." पंधरा हजार म्हणाला. मी घासाघीस केली नाही. पावत्यांची फाइल दिली, पूर्ण, त्या चार पावत्यांसकट. त्याने त्या चार बाजूला काढून टेबलावर ठेवल्या. "या गाडीच्या नाहीत." एका मिनिटात ओळखलं त्याने. मी म्हणालो, "नाहीत."

सहीसाठी तुझ्याकडून रेखामार्फत जो कागद मागवला होता, तो रेणूने स्कॅन करून पाठवला. खाली तुझी सही होती, दुसरं काही नव्हतं.

मग आम्ही गाडी ढकलत ट्रेलरवर चढवली. साखळ्या आवळताना डेलने सहज विचारलं, "तो दुसरा कसा आहे? अनीश?"

मी म्हणालो, "तू त्याला ओळखतोस?"

"ओळखत नाही. फोनवर बोललो होतो दोनदा. त्यानेच तर मला तुझ्याकडे पाठवलं. मी ग्रुपवर विचारलं होतं, तुमची विकायची आहे का. तो म्हणाला, शनिवारी जा, गाडी गिरीशच्या गॅरेजमध्ये आहे, व्यवहार तोच बघतो. इथून निघालो तेव्हा गाडीतून मी त्याला फोन करून सांगितलं होतं, एकोणीस म्हणालोय, तुझा पार्टनर कळवतो म्हणाला. खूश झाला होता. थँक यू तीन वेळा म्हणाला."

मी ट्रेलरच्या फळीवर बसलो. डेलला वाटलं दम लागला. पाणी आणायला निघाला. मी नको म्हणालो.

म्हणजे रविवारी तू विचारलंस तेव्हा तुला सगळं माहीत होतं. आकडासुद्धा. तू मला बोलायला जागा करून दिलीस, आणि मी म्हणालो, "छे, कोणी नाही." आणि तू म्हणालास, "बरं दादा."

इतके महिने मला वाटत होतं की मी एक गोष्ट तुझ्यापासून लपवली आहे आणि ती तुला सांगायचं धैर्य गोळा करायचं आहे. फेब्रुवारीतलं पत्र टाकून आलो तेव्हा, खरं सांगतो, मला थोडं हलकं वाटलं होतं. मोठा कबुलीजबाब दिल्यासारखं. तू ते वाचलं असशील तर काय वाटलं असेल? सगळं आधीच ठाऊक असलेल्या माणसाला मी एक वर्षाने बातमी देत होतो.

पैशांचं. मी रेखाला म्हणालो, पंधराच्या पंधरा हजार अनीशला पाठवतो. तिने रेणूला विचारलं. रेणूने अकाउंट नंबर पाठवला आणि खाली लिहिलं, "९४००. जास्त नको." तेवढेच पाठवतो आहे. बाकीचे ठेवून मी काय करू ते मला सुचत नाही, पण ती तुमची काळजी नाही.

गॅरेज रिकामं आहे. रेखाने तिची गाडी आत लावायला सुरुवात केली आहे.

गिरीश


हर्नडन
१५ जून २०२५

रेणू,

या वेळी तुझ्या नावाने लिहितो आहे. कारण खाली कळेल.

गेल्या रविवारी सकाळी अनीशचा फोन आला. रेखाने तुझ्यामार्फत त्याला निरोप दिला होता की त्याने आपणहूनच केला, मला ठाऊक नाही. नंबर अनोळखी होता. मी अंगणात गवत कापत होतो, मशीन बंद करून उचलला.

"दादा, पैसे आले," तो म्हणाला.

मी म्हणालो, "बरं झालं." मग विचारलं, "कसा आहेस?"

"ठीक. बुटीबोरीला एका कारखान्यात आहे. गाड्यांचे वायरिंग हार्नेस बनवतात. पगार तिकडच्यापेक्षा कमी, पण काम माझ्या हातचं आहे."

"आणि अनया?"

"पहिल्या वर्षी रडली पुष्कळ. आता बोलते मराठी. शिव्यासुद्धा शिकली."

मी हसलो. तो हसला नाही. मग मी म्हणालो, "डेलने सांगितलं मला. तुला माहीत होतं."

"हो."

"मग बोलला का नाहीस, अनीश? तोंडावर खोटारडा म्हणायचं होतंस. त्याच दिवशी येऊन गाडीला साखळी बांधून ओढून न्यायची होतीस. अर्धी तुझी होती."

मागे कुठेतरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मग म्हणाला, "तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो, दादा. रेणू म्हणे, सरळ विचारा, आकडा सांगा त्यांना. मी म्हटलं, नाही, दादा स्वतःहून सांगतील, त्यांना थोडा वेळ लागते, काही अडचण असेल त्यांची. भाड्याचं घर सोडायची नोटीस महिनाभर आधी द्यावी लागते. ती मी देऊन नव्हतो राहिलो. म्हटलं, उद्या दादांचा फोन येईल. असे नऊ दिवस थांबलो. साठातले नऊ. मग नोटीस दिली आणि तिकिटं काढली."

मी काहीतरी बोललो. माफ कर असंच असणार. तो म्हणाला, "ते असू द्या."

"मी नागपूरला येऊ का? डिसेंबरात सुट्टी आहे."

"नका येऊ."

"पत्रं लिहिलेली चालतील?"

"ती रेणू वाचते. मी वाचली नाही एकही." मग म्हणाला, "ठेवतो, दादा. जेवायला थांबली आहेत सगळी." चार मिनिटं झाली होती. तो मला अजून दादा म्हणतो. सवयीने असेल.

तेव्हा ही पत्रं पहिल्यापासून तूच वाचत होतीस. तपकिरी वायर, हीटर, सगळं. मी लिहिताना तुझा विचारही केला नव्हता. 'रेणूची तब्येत कशी आहे' असं एका ओळीत विचारून पुढे गेलो. घर तू आवरलंस, सामान तू विकलंस, अनयाला शाळेतून वर्ष संपायच्या दोन महिने आधी तू काढलंस, आणि माझी माफी मात्र दर वेळी अनीशच्या नावाने येत राहिली. मी तुझाही अपराधी आहे. हे मी आधी लिहायला हवं होतं. अनीशला हे पत्र वाचून दाखवू नकोस.

यापुढे मी लिहिणार नाही. त्याला नको आहे आणि तुझ्यावर वाचायचं ओझं टाकायचं नाही. पण ते नऊ दिवस त्याने सांगितल्यापासून मी रोज मोजतो आहे, मी त्यांत काय करत होतो ते. सोमवारी डेलला नकार दिला. मंगळवारी ऑफिस. बुधवारी टायर आले, ते मोजून भिंतीला लावून ठेवले.

गुरुवारी दुपारी तू आली होतीस.

मी घरून काम करत होतो, रेखा बाहेर गेली होती. तू सांबारवडी घेऊन आलीस. आत ये म्हटलं तर आली नाहीस. दारातच उभी राहून थंडीचं बोललीस, अनयाच्या शाळेचं बोललीस. डबा माझ्या हातात दिलास तरी जाईनास. मला एका कॉलला जायचं होतं, मी घड्याळ बघितलं. तेव्हा तू विचारलंस, "दादा, तुम्हाला आम्हाला काही सांगायचं होतं का?"

मी म्हणालो, "नाही गं, काही नाही. का?"

तू म्हणालीस, "सहज." आणि पायऱ्या उतरलीस.

गिरीश